‘शोगुन २’साठी पहिला मॉड: आधी मुद्दा, मग आकडे

सेंगोकू काळावर, म्हणजे जपानमधल्या यादवीच्या शतकावर, मॉड (तयार खेळात आपण घातलेला बदल) करायचा म्हटलं की बहुतेकांचं डोकं आधी नव्या तुकड्यांकडे धावतं. आणखी चार प्रकारचे सामुराई, वेगळी शिरस्त्राणं, लाल चिलखतं. ‘टोटल वॉर: शोगुन २’ या संगणकावरच्या युद्ध-खेळासाठी असे मॉड ढिगाने आहेत आणि त्यातले काही खरोखर देखणे आहेत. पण इतकं सगळं घालूनही मोहीम खेळली जाते ती पूर्वीसारखीच. यारी आशिगारूंचे, म्हणजे भालेवाल्या पायदळाचे जथे उभे करायचे, वीस तुकड्यांची फौज गच्च भरायची आणि नकाशाच्या एका टोकापासून राजधानी क्योतोपर्यंत रेटत न्यायची. खेळाच्या आतलं गणितच बदललेलं नसेल तर वेगळं काय होणार?

या लेखात उलट्या बाजूने जाऊ. एकही नवी तुकडी किंवा नवं चित्र न घालता, फक्त काही आकडे बदलून एक छोटा मॉड करायचा. त्यामागे इतिहासातला एकच मुद्दा आहे: त्या काळात फौज उभी करणं फारसं अवघड नव्हतं, ती पोसणं अवघड होतं. मॉडला आपल्यापुरतं ‘सांभाळ’ म्हणू. प्रोग्रामिंग येण्याची गरज नाही. एक्सेलमध्ये तक्ता भरता येत असेल तर हे जमेल.

खेळ २०११चा आहे, त्यामुळे साध्या लॅपटॉपवरही बऱ्यापैकी चालतो. एप्रिल २०२०च्या शेवटी, लॉकडाउनच्या दिवसांत, स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात तो काही दिवस फुकट मिळत होता. तेव्हा ‘असू दे’ म्हणून घेऊन ठेवलेला असेल तर लायब्ररीत शोधा.

मुद्दा कुठून आला

ओनिन युद्ध (१४६७ ते १४७७) संपेपर्यंत क्योतोतल्या आशिकागा शोगुनांचा, म्हणजे देशाच्या लष्करी शासकांचा, वचक गेला होता. पुढची शंभरेक वर्षं जपानभर दाइम्यो, म्हणजे प्रांतोप्रांतीचे सरदार, एकमेकांशी लढत राहिले. खेळ सुरू होतो १५४५मध्ये. वर्षाला चार चाली, एका ऋतूला एक.

या काळातल्या मोठ्या मोहिमा नीट पाहिल्या तर तलवारीपेक्षा भाताची कोठारं जास्त दिसतात. १५६१मध्ये उएसुगी केनशिनने होजो घराण्याच्या ओदावारा किल्ल्याला वेढा घातला. त्याच्याबरोबरची फौज परंपरेने लाखाच्या घरात सांगितली जाते. तरी महिनाभरात त्याला परतावं लागलं, कारण एवढी तोंडं तिथे फार काळ भरता येत नव्हती. याच ओदावाराला १५९०मध्ये तोयोतोमी हिदेयोशीने सुमारे दोन लाख माणसांनिशी घेरलं, तेव्हा त्याने आधी तांदळाची सोय केली. नात्सुका मासाइए या त्याच्या कारभाऱ्याकडे दोन लाख कोकू तांदूळ जमवण्याचं काम होतं. कोकू म्हणजे साधारण १८० लिटर, दीडशे किलोच्या आसपास. एका माणसाला वर्षभर पुरेल इतका तांदूळ. हिशेब करून पाहा, जवळपास तीस हजार टन होतात. तीन महिन्यांत होजो शरण आले.

हेच हत्यार हिदेयोशीने आधी उलटं वापरलं होतं. मिकी किल्ला त्याने जवळपास दोन वर्षं कोंडून १५८०मध्ये उपासमारीने घेतला. १५८१मध्ये तोत्तोरीच्या वेढ्याआधी त्याने त्या भागातला तांदूळ व्यापाऱ्यांकरवी चढ्या भावाने उचलला, आणि वेढा पडला तेव्हा किल्ल्याची कोठारं अर्धी रिकामी होती. तिथे किल्लेदार किक्कावा त्सुनेइएने स्वतःचा जीव देऊन उरलेल्यांची सुटका करून घेतली.

आता खेळाकडे या. ‘शोगुन २’मध्ये पैशाचं नावच कोकू आहे, पण मूळ आकड्यांमध्ये आशिगारू स्वस्तात भरती होतो आणि पोसायलाही स्वस्त पडतो. म्हणून जाणकार खेळाडू शेवटपर्यंत यारी आशिगारूच वापरतात. भाल्यांची भिंत करून उभे केले की ते आपल्यापेक्षा महागड्या तुकड्यांनाही थोपवून धरतात. एकदा उभी केलेली फौज मग कधीच मोडावी लागत नाही. आपल्याला नेमकं हेच हलवायचं आहे.

हत्यारं

लागतात तीन गोष्टी. पहिली, स्टीमवरचा खेळ. दुसरी, ‘रस्टेड पॅकफाइल मॅनेजर’, ज्याला सगळे आरपीएफएम म्हणतात. खेळाचा डेटा ज्या ‘पॅक’ फाइल्समध्ये असतो, त्या यात उघडतात. हे मोफत आणि मुक्तस्रोत आहे. जुन्या मार्गदर्शकांमध्ये ‘पॅक फाइल मॅनेजर’ नावाचं आधीचं साधन दिसेल, तेही चालतं, पण नव्याने सुरू करणाऱ्याने आरपीएफएमच घ्यावं. तिसरी, एक वही किंवा स्प्रेडशीट. ही तिसरी गोष्ट लोक टाळतात आणि मग आपण काय बदललं होतं हे आठवत बसतात.

खेळ बनवणाऱ्या क्रिएटिव्ह असेंब्लीने ‘असेंब्ली किट’ नावाची स्वतःची साधनंही दिलेली आहेत, स्टीमच्या टूल्स विभागात. नकाशे आणि किल्ल्यांची मांडणी बदलायची असेल तर त्यांचा उपयोग. या मॉडसाठी त्यांना हात लावू नका.

आरपीएफएम उघडल्यावर सेटिंग्जमध्ये खेळाचं फोल्डर दाखवा, खेळांच्या यादीतून ‘शोगुन २’ निवडा आणि ‘स्कीमा’ उतरवून घ्या. खेळाची टेबलं कशी वाचायची याचा तो नकाशा असतो. तो नसेल तर टेबल उघडतच नाही, आणि नवशिक्याला वाटतं फाइल खराब आहे.

एक सवय आत्ताच लावून घ्या: खेळाच्या मूळ पॅक फाइल्स उघडून वाचायच्या, त्यात सेव्ह कधीही करायचं नाही. चुकून केलंच तर स्टीममध्ये खेळाच्या फाइल्स तपासून दुरुस्त करण्याची सोय आहे. पण ती वापरायची वेळ न आलेली बरी.

आधी मूळ खेळ, वही उघडून

मॉडिंगला हात घालण्याआधी मूळ खेळात नवी मोहीम सुरू करा. हेतू जिंकण्याचा नाही. ओदा घराणं घ्या. त्यांना आशिगारू आधीच सवलतीत मिळतात, त्यामुळे आपला बदल सगळ्यात जास्त त्यांच्यावर दिसणार आहे. पहिल्या वर्षाच्या चारही चालींत तीन आकडे लिहा: एकूण उत्पन्न, फौजेवरचा खर्च, शिल्लक. मग फौज भरत जा आणि कितव्या तुकडीला शिल्लक शून्यावर येते ते पाहा.

त्यानंतर बाकीच्या घराण्यांची फक्त पहिली चाल उघडून हेच आकडे टिपा. मूळ खेळातली नऊ घराणी: चोसोकाबे, शिमाझू, मोरी, ओदा, तोकुगावा, ताकेदा, उएसुगी, होजो आणि दाते. काम कंटाळवाणं आहे, पण पुढे हाच तक्ता तुम्हाला वाचवेल. सुरुवातीच्या फौजा खेळाने आधीच मांडून ठेवलेल्या असतात. अपकीप म्हणजे पोसण्याचा खर्च वाढवला की एका प्रांताचं घराणं पहिल्याच ऋतूत तोट्यात जाऊ शकतं. कोणाकडे किती वाव आहे हे आधी माहीत असलेलं बरं.

पॅक तयार करणं

आरपीएफएममध्ये नवीन पॅक उघडा, इंग्रजी लहान अक्षरांत, मोकळी जागा न सोडता नाव द्या आणि खेळाच्या ‘डेटा’ फोल्डरात सेव्ह करा. आता मूळ टेबल आपल्या पॅकमध्ये आणायचं आहे. मूळ खेळाच्या सगळ्या पॅक एकत्र उघडण्याची सोय आरपीएफएममध्ये आहे, तीच वापरा. एकेक पॅक उघडून शोधलंत तर पॅचच्या आधीचं जुनं टेबल हाती लागण्याची शक्यता असते. मग आकडे बदलूनही खेळात काहीतरी विचित्र दिसतं.

टेबलं ‘डीबी’ फोल्डरात असतात. आपल्याला हवं आहे ते ‘युनिट्स’चं मुख्य टेबल, ज्यात प्रत्येक तुकडीची भरतीची किंमत आणि अपकीप असतं. लढाईतली ताकद, म्हणजे हल्ला, बचाव, चिलखत, मनोबल, हे सारं वेगळ्या टेबलात आहे. तिकडे या मॉडमध्ये जायचं नाही. शंका आली तर सगळ्या टेबलांमध्ये एकदम शोध घ्या. स्तंभाच्या नावात ‘अपकीप’ आणि ‘कॉस्ट’ हे शब्द शोधले की जागा सापडते. किंमत दोन प्रकारची असू शकते, मोहिमेतली आणि मल्टिप्लेअरमधली. आपलं काम मोहिमेतल्या किमतीशी आहे.

टेबल आपल्या पॅकमध्ये आल्यावर दोन गोष्टी लगेच करा. टेबलाच्या फाइलचं नाव बदलून स्वतःचं काहीतरी ठेवा. आणि ज्या तुकड्या बदलायच्या नाहीत त्यांच्या ओळी काढून टाका. नाव तेच ठेवलं तर तुमचं टेबल मूळ टेबलाच्या जागी पूर्णपणे बसतं, आणि दुसऱ्या कोणाच्या मॉडशी भांडण हमखास. वेगळ्या नावाने मोजक्या ओळी ठेवल्या तर खेळ तेवढ्याच ओळी तुमच्या वापरतो.

ओळी निवडताना एक खोच आहे. या एकाच खेळाच्या डेटात तीन वेगळे काळ एकत्र बसलेले आहेत: आपला सेंगोकू, बाराव्या शतकातलं गेम्पेई युद्ध आणि एकोणिसाव्या शतकातलं बोशिन युद्ध. ‘आशिगारू’ नाव दिसलं म्हणून आंधळेपणाने ओळ बदलू नका. खेळातल्या माहितीकोशात १५४५च्या मोहिमेतल्या तुकड्यांची यादी आहे, तिच्याशी ताडून पाहा आणि वहीत खूण करा.

पॅकचा प्रकारही ठरवावा लागतो. ‘मूव्ही’ प्रकारचा पॅक डेटा फोल्डरात ठेवला की आपोआप लागू होतो, आणि बंद करायचा तर तिथून हलवावा लागतो. ‘मॉड’ प्रकारचा पॅक, खेळाच्या आधी उघडणाऱ्या लाँचरमधल्या मॉड मॅनेजरमधून चालू-बंद करता येतो. सुरुवातीपासून ‘मॉड’च ठेवा.

पहिला बदल मुद्दाम वेडगळ करा. यारी आशिगारूची भरतीची किंमत ७७७७ करा, सेव्ह करा, मॉड चालू करून मोहीम उघडा आणि भरतीच्या पडद्यावर आकडा पाहा. ७७७७ दिसला तर नळी जोडलेली आहे. नाही दिसला तर फाइलचं नाव, पॅकचा प्रकार आणि मॉड मॅनेजरमधली खूण, याच क्रमाने तपासा. हे न करता थेट बारीक आकडे बदलणारे लोक मॉड चालत नसतानाही त्याचा तोल साधत बसतात.

आकडे

आता खरं काम. एक तत्त्व ठेवू: आशिगारू उभा करायला स्वस्त, पोसायला महाग. सामुराई उभा करायला महाग, पोसायचा खर्च जवळपास आहे तसाच.

यामागचं कारण साधं आहे. सामुराईला जमीन नेमून दिलेली असे. तो तिच्या उत्पन्नावर जगे आणि बोलावणं आलं की ठरलेली माणसं-घोडी घेऊन हजर होई. एका अर्थाने त्याचा सांभाळ आधीच प्रांताच्या हिशेबात धरलेला असे. आशिगारू मोहिमेवर असेपर्यंत धन्याच्या कोठारातून जेवत असे. घरी गेला की शेतावर. शिकोकू बेटावर चोसोकाबेंकडे ‘इचिर्यो गुसोकू’ म्हणून ओळखले जाणारे लढवय्ये शेतकरी होते. नावाप्रमाणे त्यांच्याकडे चिलखताचा एकच जोड; नांगर सोडून ते लढाईला येत. चोसोकाबे मोतोचिकाने अशा माणसांच्या बळावर १५८५पर्यंत जवळपास अख्खं शिकोकू घेतलं. पण अशी माणसं वर्षानुवर्षं छावणीत बसवून ठेवता येत नाहीत. भात कापायचा कोणी?

सुरुवातीसाठी मी हे प्रमाण सुचवीन. यारी आणि धनुर्धारी आशिगारू: भरती २० टक्के कमी, अपकीप ३० टक्के जास्त. सामुराईंचे पायदळातले सगळे प्रकार: भरती १५ टक्के जास्त, अपकीप तसंच. घोडदळाला दाणावैरण लागते, म्हणून अपकीप १० टक्के जास्त, भरती तशीच. भिक्षू योद्धे, सेनापतींच्या अंगरक्षक तुकड्या आणि जहाजं यांना हात लावू नका. जहाजांचा हिशेब समुद्रातल्या व्यापारी ठाण्यांशी बांधलेला आहे आणि तो विस्कटला तर समुद्रावर भिस्त असलेल्या मोरींचा खेळच बदलतो.

एक मर्यादा पाळा. आशिगारूचं अपकीप त्याच हत्याराच्या सामुराईच्या अपकीपच्या ऐंशी-नव्वद टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका. वर गेलं तर आशिगारू घेण्यात अर्थच उरत नाही आणि खेळाडू थेट सामुराईंवर उडी मारतो, जे इतिहासाला धरून नाही. आकडे पाचच्या पटीत गोल करा, वाचायला बरे पडतात.

बंदुकवाल्यांसाठी वेगळा विचार हवा, आणि इथे जरा थांबायला हरकत नाही. १५४३मध्ये तानेगाशिमा बेटावर एका चिनी जहाजातून आलेल्या पोर्तुगिजांकडून तिथल्या तरुण सरदाराने, तानेगाशिमा तोकिताकाने, दोन बंदुका विकत घेतल्या आणि बेटावरच्या लोहाराला तशाच करायला सांगितलं. पोर्तुगिजांचं आशियातलं मुख्य ठाणं तेव्हा गोवा. जपानी तोड्याच्या बंदुकीचा चाप ज्या पद्धतीने चालतो, तिचा संबंध अनेक अभ्यासक गोवा आणि मलाक्का भागातल्या बंदुकांशी जोडतात. १५४९मध्ये फ्रान्सिस झेवियर शिमाझूंच्या कागोशिमाला पोचला तोही गोव्याहूनच निघून. १५८२मध्ये क्यूशूतल्या ख्रिस्ती सरदारांनी रोमला पाठवलेली चार मुलं जाताना आणि येताना गोव्यात मुक्कामाला होती. खेळातलं नानबान, म्हणजे युरोपी व्यापाराचं, बंदर बांधताना या वाटेचं दुसरं टोक ध्यानात ठेवायला हरकत नाही.

मॉडच्या दृष्टीने महत्त्वाचं पुढे आहे. बंदुका जपानी कारागिरांनी फार लवकर आत्मसात केल्या. साकाई, कुनितोमो, नेगोरो इथे त्या मोठ्या प्रमाणावर बनू लागल्या. अडचण होती दारूगोळ्याची. दारूसाठी लागणारा सोरा आणि गोळ्यांसाठीचं शिसं बऱ्याच अंशी समुद्रमार्गे आयात होत होतं. ज्याच्या हाती बंदरं आणि व्यापारी, त्याच्या बंदुका बोलत्या. नागाशिनोच्या लढाईबद्दल (१५७५) नेहमी सांगतात की ओदा नोबुनागाने नवं हत्यार वापरलं आणि ताकेदा जुन्या घोडदळाच्या तोऱ्यात राहिले. ते फारसं खरं नाही. ताकेदांकडेही बंदुका होत्या आणि त्यांचं महत्त्व त्यांना कळत होतं. पण त्यांचा मूळ प्रांत काइ चारी बाजूंनी डोंगरांत. साकाईच्या बंदरावर मात्र ओदांचा ताबा. तीन हजार बंदुका आणि तीन रांगांनी आलटून-पालटून गोळीबार, ही प्रसिद्ध गोष्टही नंतरच्या लेखनात पक्की झाली. त्या काळाच्या जवळचा वृत्तांत सुमारे हजार बंदुकांचा उल्लेख करतो.

म्हणून मॅचलॉक (तोड्याची बंदूक) आशिगारू: भरती २५ टक्के कमी, अपकीप ५० टक्के जास्त. बंदूक हातात देणं सोपं, ती वाजती ठेवणं महाग. व्यापारातून पैसा येणारं घराणं हा खर्च सहज पेलतं, डोंगराळ घराण्याला दोन-तीन तुकड्यांवर भागवावं लागतं. नागाशिनोचा खरा धडा असा आकड्यात उतरतो, तेही एकही नवं चित्र न काढता.

चाचणी

सानुकूल लढाईत हा मॉड तपासता येत नाही, कारण आपण लढाईचा एकही आकडा बदललेला नाही. चाचणी मोहिमेतच.

पहिली फेरी: नऊही घराण्यांची पहिली चाल उघडा आणि वहीतल्या तक्त्याशी ताडा. एखादं घराणं पहिल्याच चालीत तोट्यात गेलं तर सगळ्यांचं आशिगारू अपकीप पाच टक्क्यांनी खाली आणा. सुरुवातीच्या फौजा किंवा खजिना बदलण्याचा मोह होईल. तो टाळा. ते सगळं एका वेगळ्या बंदिस्त फाइलमध्ये असतं, तिच्यासाठी वेगळं साधन लागतं आणि तो स्वतंत्र उद्योग आहे.

दुसरी फेरी: शिमाझूंना घ्या. त्यांचा प्रांत सात्सुमा नकाशाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, त्यामुळे कोणी सहसा लवकर अंगावर येत नाही. स्वतः काही न जिंकता, फक्त बचाव करत चाळीस चाली जाऊ द्या, म्हणजे दहा वर्षं. दर दहा चालींनी नोंद करा: किती घराणी उरली, सगळ्यात मोठ्याकडे किती प्रांत आहेत, त्याच्या फौजा वीस तुकड्यांच्या दिसतात की अर्ध्या. मॉड बंद ठेवूनही हीच फेरी करा. दोन्हीतला फरक हाच तुमच्या मॉडचा, संगणक चालवत असलेल्या घराण्यांवर होणारा परिणाम.

इथे बहुधा एक गोष्ट दिसेल, आणि या मॉडची खरी कसोटी तीच आहे. माणूस फौज उभी करतो, लढतो, मोडतो. संगणकाला हे येत नाही. त्याला फौज भरता येते, शेतावर परत पाठवता येत नाही. अपकीप वाढलं की तो नुसता खंगतो, लहान फौजा घेऊन फिरतो, आणि खेळ अवघड होण्याऐवजी सोपा होतो. उपाय दोन. एक, मोहीम ‘हार्ड’ किंवा त्याहून वरच्या पातळीवर खेळायची, कारण तिथे संगणकाला पैशाची मदत मिळते. दुसरा, आशिगारूंची वाढ ३० ऐवजी २० टक्क्यांवर आणायची आणि भरतीची सवलत वाढवायची. मला दुसरा जास्त पटतो. पातळीच्या मदतीवर उभा राहिलेला तोल पातळी बदलली की कोसळतो.

तिसरी फेरी माणसाची. चोसोकाबे घ्या, त्यांना शेतीच्या उत्पन्नात सवलत आहे आणि शेती-लढाईचा मेळ त्यांच्याइतका कोणाला शोभत नाही. वसंतात फौज भरा, उन्हाळ्यात शेजारचा प्रांत घ्या, शरदात अर्धे आशिगारू मोडा. मग दोन गोष्टींवर लक्ष ठेवा.

पहिली, नव्याने जिंकलेल्या प्रांतातली शांतता. फौज तिथून हलली की असंतोष वर येतो, आणि अपकीप फारच महाग केलं असेल तर खेळाडू फौज मोडतो नि बंडं निस्तरत बसतो. एखाददुसरं बंड चांगलं. कागा प्रांतात १४८८मध्ये इक्को-इक्कींनी, म्हणजे एका बौद्ध पंथाच्या बंडखोर जथ्यांनी, सरदार तोगाशी मासाचिकाला उलथलं आणि जवळपास शतकभर तिथे त्यांचंच चाललं, तेव्हा बंड हा त्या काळाचा भागच आहे. पण दर ऋतूला बंड होत असेल तर आकडा चुकला आहे.

दुसरी, किल्ले. खेळात प्रत्येक किल्ल्याला आपोआप काही शिबंदी मिळते आणि किल्ला वाढवला की ती वाढते. मूळ खेळात बरेच जण तिच्याकडे पाहतही नाहीत. ‘सांभाळ’ चालू असताना तिचं मोल एकदम वाढतं, कारण फौज मोडल्यावर सीमेवर तीच उरते. पण मोठा किल्ला अन्नही जास्त खातो आणि अन्न कमी पडलं की प्रांत बिघडतात. म्हणजे शेत, किल्ला आणि फौज या तिघांचा झगडा सुरू होतो. हा झगडा दिसू लागला की मॉड जमला असं समजायला हरकत नाही.

शेवटी ‘रेल्म डिव्हाइड’. तुमची कीर्ती एका मर्यादेला पोचली किंवा क्योतो घेतलं की बाकीची घराणी एकत्र तुमच्यावर उलटतात. व्यापारी करार तुटतात, उत्पन्न घसरतं, आणि नेमक्या त्याच वेळी मोठी फौज लागते. वाढलेलं अपकीप सगळ्यात जोरात इथेच चावतं. चाचणीची मोहीम या टप्प्यापर्यंत न्याच. खजिन्यात साठा ठेवून क्योतोत शिरणारा तगला पाहिजे, साठा न ठेवणाऱ्याची फौज दोन वर्षांत विरली पाहिजे. दोघेही तगत असतील तर मॉड मऊ आहे. दोघेही बुडत असतील तर बंदुकवाल्यांपासून कपात सुरू करा.

प्रकाशन

लाँचरच्या मॉड मॅनेजरमधून स्टीम वर्कशॉपवर पॅक चढवता येतो. पॅकच्याच नावाचं एक छोटं पीएनजी चित्र शेजारी ठेवावं लागतं. वर्णन मराठीत लिहा, खाली इंग्रजीतही द्या. त्यात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: कोणत्या तुकड्यांचे आकडे बदलले, कोणत्या पातळीवर तोल साधला आहे, आणि तुकड्यांच्या किमती बदलणारे दुसरे मोठे मॉड याबरोबर लावू नयेत. या मॉडमध्ये नवी तुकडी नसल्याने तो चालू मोहिमेतही घालता-काढता येतो. नव्या तुकड्यांचे मॉड असे मध्येच काढले तर सेव्ह उघडत नाही, म्हणून लोक घाबरून असतात. हा फरक वर्णनात सांगा. आणखी एक: खेळ ३२ बिटचा आहे, त्याला ठरावीकच मेमरी वापरता येते. तुकड्यांची माणसं दुप्पट करणारे मॉड सोबत लावून कोणी ‘क्रॅश होतो’ अशी तक्रार केली तर आधी त्याची मॉडांची यादी मागा.

वापरणाऱ्यांकडून सूचना येतील, त्यातली निम्मी ‘हिवाळाही घाला’ अशी असेल. मागणी रास्त आहे. १५८२च्या हिवाळ्यात हिदेयोशीचा प्रतिस्पर्धी शिबाता कात्सुइए एचिझेन प्रांताच्या बर्फात अडकला असताना हिदेयोशीने त्याचे साथीदार एकेक करून गाठले, आणि पुढच्या वर्षी शिझुगाताकेला त्याचा निकाल लावला. खेळात हिवाळ्यात परमुलखात फौज झिजते, पण ती झीज सौम्य आहे. ती वाढवायची तर ‘सांभाळ’मध्ये कालवू नका. वेगळा पॅक करा, वेगळ्या नावाचं टेबल ठेवा आणि आधी तो एकटा चालवून पाहा. शिमाझूंना घेऊन नव्हे, त्यांच्या कोपऱ्यात राहून उत्तरेतला हिवाळा दिसणार नाही. उएसुगी घ्या.